अमेरिकेत एफ-१ विद्यार्थ्याचा कायदेशीर दर्जा: अटी, परवानग्या आणि कागदपत्रे

पासपोर्टवरचा एफ-१, म्हणजे पूर्णवेळ शिक्षणासाठीचा विद्यार्थी व्हिसा आणि अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो. व्हिसा केवळ देशात प्रवेश मागण्यासाठी लागतो. शिक्षण चालू असताना त्याची मुदत संपली, तरी तेवढ्यावरून दर्जा जात नाही. उलट व्हिसाची बरीच मुदत शिल्लक असूनही नियम मोडल्यास दर्जा जाऊ शकतो. दर्जाचा खरा आधार म्हणजे विद्यापीठाने दिलेला आय-२० (विद्यार्थी म्हणून पात्रतेचा दाखला), देशात प्रवेश केल्याची आय-९४ नोंद आणि सरकारच्या सेव्हिस प्रणालीतील विद्यार्थ्याची माहिती. ही माहिती विद्यापीठाचा नियुक्त अधिकारी, म्हणजे डीएसओ, अद्ययावत ठेवतो.

पदवीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे दर सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. पदव्युत्तर पातळीवर पूर्णवेळ म्हणजे किती, हे विद्यापीठ ठरवते. या मोजणीत एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, तोही जास्तीत जास्त ३ क्रेडिटचा, धरला जातो. समजा, नेमके १२ क्रेडिट घेतलेला विद्यार्थी गणित जड जाते म्हणून रात्री पोर्टलवर जाऊन गणिताचा ३ क्रेडिटचा विषय सोडून देतो. पोर्टल त्याला अडवत नाही, प्राध्यापकांचीही हरकत नसते. मात्र बेरीज ९ वर येते आणि डीएसओची पूर्वपरवानगी नसल्याने नियमभंग होतो. आजारपणासाठी, डॉक्टरांचे पत्र जोडल्यास, एका शैक्षणिक पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत कमी क्रेडिट घेण्याची सवलत मिळू शकते. शेवटच्या सत्रात उरलेलेच विषय घ्यायचे असतील, तरीही परवानगी आधीच घ्यावी लागते.

राहण्याचा पत्ता बदलल्यास तो १० दिवसांत कळवावा लागतो. त्याच इमारतीत खोली बदलली, तरी कळवलेले बरे. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होणार नसेल, तर आय-२० वरील अंतिम तारीख उलटण्यापूर्वीच मुदतवाढ मागावी. त्यासाठी लांबणीचे शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण पटवून द्यावे लागते आणि पुढील खर्चाचा पुरावाही बहुधा मागितला जातो.

सर्वांत महागात पडते ती विनापरवानगी नोकरी. विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेर, ओळखीच्या दुकानात शनिवार-रविवारी रोखीने केलेले कामही नोकरीच ठरते. अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या इंटर्नशिपसाठी सीपीटीची, म्हणजे अशा कामाच्या परवानगीची, नोंद आय-२० वर झाल्यावर, त्यात दिलेल्या तारखेपासूनच रुजू व्हावे. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा अधिक झाल्यास त्या पातळीवरील ओपीटीचा, म्हणजे आपल्या विषयाशी संबंधित तात्पुरत्या नोकरीच्या परवानगीचा, हक्क जातो. पदवीनंतरच्या ओपीटीसाठी आय-७६५ हा कामाच्या परवान्याचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो, मात्र डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो दाखल व्हायला हवा. ही दुसरी मुदत अनेकांच्या लक्षातच येत नाही. ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांची २४ महिन्यांची वाढ मिळाल्यास ही मर्यादा एकूण १५० दिवसांची होते.

मायदेशी जाऊन परतायचे असल्यास आय-२० च्या दुसऱ्या पानावरील, प्रवासासाठी डीएसओने केलेली सही तपासावी. ती शिकत असताना १२ महिने आणि ओपीटीवर ६ महिने चालते. त्या वेळी व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर परतण्याआधी नवा व्हिसा साधारणपणे घ्यावा लागतो.

दर्जा गेलाच, तर आय-५३९ अर्जाने तो पूर्ववत करण्याची विनंती करता येते. अर्ज सहसा दर्जा गेल्यापासून ५ महिन्यांच्या आत करावा लागतो. डीएसओच्या शिफारशीचा नवा आय-२०, घडलेल्या प्रकाराचे लेखी निवेदन आणि त्याचे पुरावे सोबत जोडावेत. चूक आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाली, किंवा डीएसओला परवानगी देता आली असती अशाच कमी क्रेडिटमुळे झाली, हे दाखवावे लागते. विनापरवानगी नोकरी केलेल्याला मात्र हा मार्ग बंद असतो.