लांबलेला कवडसा

जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात टांगलेल्या झुंबरांना काचेचे जे पैलूदार तुकडे लोंबत असत, त्यांना लोलक म्हणत. मराठी पाठ्यपुस्तकांत त्रिकोणी काचेसाठी हाच शब्द रूढ झाला आणि तो शोभूनही दिसतो, कारण उन्हाची तिरीप झुंबरावर पडली की समोरच्या भिंतीवर रंगांचे ठिपके नाचू लागत. काचेतून रंग निघतात हे न्यूटनच्या कितीतरी आधीपासून लोकांना ठाऊक होते. म्हणूनच ‘न्यूटनने लोलकातून सात रंग काढून दाखवले’ हे वाक्य ऐकले की त्यात त्याने नवे काय केले, असा प्रश्न पडायला हवा. खरी नवलाई भिंतीवरच्या कवडशाच्या लांबीत होती.

त्या काळी पांढरा प्रकाश शुद्ध आणि एकजिनसी मानला जाई. काचेतून जाताना त्यात काही बिघाड होतो आणि त्या बिघाडाचेच रंग दिसतात, असे स्पष्टीकरण थोड्याफार फरकाने बहुतेक विद्वान देत. १६६६ च्या सुमारास न्यूटनने खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेला सुमारे पाव इंचाचे भोक पाडले, त्याच्यामागे लोलक धरला आणि प्रकाश २२ फुटांवरच्या भिंतीवर पाडला. भिंतीवर रंग उमटले. ते पाहून आधी आपली करमणूक झाली, पण नंतर त्यांचा लांबट आकार पाहून नवल वाटले, असे त्याने १६७२ च्या फेब्रुवारीत रॉयल सोसायटी या लंडनमधल्या वैज्ञानिकांच्या संस्थेला पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे.

नवल का वाटावे, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. सूर्याची तबकडी आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढी दिसते. त्यामुळे बारीक भोकातून आत आलेला प्रकाश पुढे जाताना तेवढाच पसरतो आणि २२ फुटांवर, भोकाची रुंदी धरून, सुमारे अडीच इंचांहून किंचित मोठा गोल कवडसा पडायला हवा. न्यूटनने लोलक मुद्दाम अशा बेताने फिरवून ठेवला होता की प्रकाश आत शिरताना जेवढा वळेल तेवढाच बाहेर पडतानाही वळावा. या स्थितीत अपवर्तनाच्या, म्हणजे काचेत शिरताना-निघताना प्रकाश वळण्याच्या, त्या वेळी माहीत असलेल्या नियमानुसार कवडसा गोलच राहायला हवा होता. प्रत्यक्षात त्याची रुंदी २⅝ इंच, म्हणजे हिशेबाबरहुकूम भरली. लांबी मात्र १३¼ इंच निघाली. एका दिशेने सगळे बरोबर आणि दुसऱ्या दिशेने पाचपट! काचेची जाडी बदलली, भोक लहानमोठे केले, लोलक भोकाच्या बाहेर धरून पाहिला, तरी फरक पडला नाही. मग एकच शक्यता उरत होती: भोकातून येणारे सगळे किरण सारखे नसावेत आणि काच त्यांतल्या प्रत्येकाला वेगवेगळ्या कोनात वळवत असावी.

ही शक्यता तपासण्यासाठी त्याने दोन फळ्या आणि दोन लोलक वापरले. पहिल्या लोलकातून निघालेला प्रकाश पहिल्या फळीच्या भोकातून जाई आणि सुमारे १२ फुटांवरच्या दुसऱ्या फळीवर वर्णपट, म्हणजे रंगांचा लांबट पट्टा, पडे. तिच्या भोकातून वर्णपटाचा फक्त एक तुकडा दुसऱ्या लोलकावर पोचे. फळ्या जागच्या हलत नसल्यामुळे प्रत्येक रंगाचा किरण दुसऱ्या लोलकावर त्याच कोनात पडत असे, आणि तरीही निळ्या टोकाचा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळे. शिवाय तांबडा तांबडाच राही. काच रंग तयार करत असती, तर दुसऱ्या काचेनेही नवे रंग तयार करायला हवे होते.

काचेत नेमके काय घडते, याचा उलगडा बऱ्याच नंतर झाला. निर्वात जागेत सगळे रंग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या एकाच वेगाने धावतात. काचेत हा वेग दोन लाखांच्या आसपास येतो, आणि तोही प्रत्येक रंगाचा निराळा असतो. काचेतील इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीबरोबर झुलू लागतात, पण झोपाळ्यासारखी त्यांचीही एक आवडती लय असते. काचेच्या बाबतीत ती जांभळ्याच्या पलीकडे, अतिनील भागात येते. जांभळा प्रकाश या लयीच्या अधिक जवळ असल्यामुळे इलेक्ट्रॉन त्याला जास्त जोमाने प्रतिसाद देतात, त्याची चाल अधिक मंदावते आणि तो अधिक वळतो. नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाचा वेग किती पटीने कमी करते तो आकडा, तांबड्यासाठी सुमारे १.५१, तर जांभळ्यासाठी १.५३ असतो. एवढ्याशा फरकाने ६० अंशांच्या लोलकातून निघणाऱ्या दोन टोकांच्या किरणांत दीडेक अंशाचे अंतर पडते. खिडकीच्या तावदानातून वर्णपट दिसत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजू समांतर असतात आणि पहिल्या बाजूने वळवलेले सारे किरण दुसरी बाजू पुन्हा मूळ दिशेला आणते. लोलकाच्या बाजू कललेल्या असल्याने दुसरे वळण पहिल्यात भर घालते.

राहिले सात रंग. शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ घोकताना ‘पा’ म्हणजे पारवा नेमका कुठे दिसतो, हे बहुतेकांना कळलेले नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. वर्णपटात रंग अखंड मिसळत जातात. न्यूटनने स्वतः आधी पाच मुख्य रंग मानले होते; संगीताच्या सप्तकाशी मेळ बसावा म्हणून त्याने नारिंगी आणि पारवा नंतर जोडले.

लांबीचा मुद्दा न कळल्याने पुढे एका मोठ्या माणसाची फसगत झाली. जर्मन कवी गटे याने १७९० च्या सुमारास लोलक डोळ्याला लावून पांढऱ्या भिंतीकडे पाहिले. भिंत पांढरीच राहिली, रंग फक्त कडांना दिसले, आणि न्यूटन चुकला असा निष्कर्ष त्याने काढला. निरीक्षण बरोबर होते. रुंद भिंतीच्या प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वर्णपट बनतो; मध्यभागी ते सगळे एकमेकांवर चढून पुन्हा पांढरा रंग तयार करतात, आणि फक्त कडांना जोडीदार न मिळालेले रंग उघडे पडतात. त्याच लोलकातून भिंतीऐवजी जवळजवळ लावलेल्या दाराच्या उजेड येणाऱ्या बारीक फटीकडे पाहावे. लोलकाची लांब धार फटीला समांतर धरली की मधला पांढरा पट्टा नाहीसा होतो आणि तिथे हिरवा दिसू लागतो.