मोटरहोमची स्लाइड-आउट रूम

स्लाइड-आउट म्हणजे मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या भिंतीत बसवलेला खोलीएवढा मोठा खण, गाडी उभी केली की बटण दाबून बाहेर सरकवायचा आणि निघायच्या आधी परत आत घ्यायचा. अमेरिका-कॅनडात सगळे नुसतं स्लाइड म्हणतात. याची गरज का पडली, तर रस्त्यावरच्या गाडीच्या रुंदीला तिथे कायद्याने १०२ इंचांची म्हणजे साधारण २.६ मीटरची मर्यादा आहे, आणि तेवढ्यात सोफा, जेवायचं टेबल, ओटा, पलंग सगळं कोंबलं की मधून एकाने चाललं तर दुसऱ्याने पाय वर घेऊन बसायचं. मग धावताना अरुंद आणि थांबल्यावर रुंद अशी ही युक्ती निघाली. इंडियानातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीने १९९० मध्ये ती बाजारात आणली असं मानलं जातं. आता मोठ्या गाड्यांना तीन-चार स्लाइड असणं नेहमीचंच, आणि काहींमध्ये तर एका बाजूची जवळजवळ अख्खी भिंत फ्रिज, शेगडी, सोफ्यासकट बाहेर जाते.

ती सरकते कशी हे आधी समजून घ्यावं कारण पुढची सगळी देखभाल त्यावरच ठरते. जुना आणि दणकट प्रकार म्हणजे खाली चासीतून जाणारी दातेरी पट्टी आणि तिला फिरवणारं गिअर, मोटर १२ व्होल्टची. मोठ्या जड स्लाइडना हायड्रॉलिक सिलिंडर असतात, ताकद भरपूर पण तेल गळण्याचा त्रास. तिसरा प्रकार केबलचा, चारही कोपऱ्यांतून पोलादी दोर ओढून घेतात, दोर ढिला पडला की खोली तिरकी. आणि चौथा श्विन्टेक, २०१० पासून लिपर्ट कंपनीकडे असलेला, यात स्लाइडच्या दोन्ही कडांना एकेक छोटी मोटर आणि पातळ ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या, हलका आहे, जागा खात नाही म्हणून कंपन्यांना आवडतो. वापरणाऱ्यांना तितकासा नाही, कारण दोन मोटरी एका चालीत राहिल्या नाहीत तर एक कड पुढे एक मागे होते आणि मग सगळं अडकतं. त्यावर उपाय सोपा आहे, स्लाइड पूर्ण बाहेर गेली तरी बटण लगेच सोडायचं नाही, दोन्ही मोटरी आपणहून थांबेपर्यंत दाबून ठेवायचं, आत घेतानाही तेच, म्हणजे कंट्रोलरची मोजणी परत जुळते. अर्ध्यात थांब, मागे घे, पुन्हा पुढे असा खेळ केला की ती मोजणी बिघडते.

उघडण्याआधी गाडी लेव्हल करून घ्यायची. उतारावर किंवा एक चाक खड्ड्यात असताना सांगाडा थोडा पिळलेला असतो, भिंतीतलं चौकोनी भोक चौकोनी राहत नाही, आणि त्यातून खोली ढकलली की ती घासतच जाणार (काही कंपन्या मात्र क्रम उलटा सांगतात, आधी स्लाइड मग गाडी लेव्हल करणारे पाय म्हणजे जॅक, तिथे आपलं शहाणपण बाजूला ठेवून त्या गाडीचं मॅन्युअल ऐकावं). मग खाली उतरून बाहेर एक चक्कर मारायची, विजेचा खांब, झाडाची फांदी, शेजाऱ्याची खुर्ची काय काय आडवं येईल ते बघायचं. आत ड्रायव्हरची सीट पुढे, कपाटाची दारं बंद, जमिनीवर लोळणारा चमचा किंवा मुलांची खेळणी उचललेली, कुत्रं असेल तर कुणाच्या तरी हातात. आत येताना खोलीच्या तळाखाली एक छोटीशी वस्तू जरी सापडली तरी ती फरशीला लांबच्या लांब चर पाडते. आणि स्लाइड हलत असताना तिच्यातल्या सोफ्यावर कुणी बसायचं नाही, मुलांना यात फार मजा वाटते म्हणून मुद्दाम सांगितलं.

स्लाइड बिघडली म्हणून हाका मारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरं तर बॅटरी उतरलेली असते. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२ च्या खाली गेली की मोटर कण्हत कण्हत चालते, जास्त करंट ओढते आणि फ्यूज उडतो. म्हणून शक्यतो विजेची वायर जोडून किंवा जनरेटर लावूनच स्लाइड हलवावी. चालताना कान उघडे ठेवावेत, रोजचा आवाज ओळखीचा झाला की बदललेला आवाज लगेच कळतो, आणि कळला की बटण सोडायचं, जोर करून बघायचं नाही.

खरा शत्रू मात्र पाणी. भिंतीला एवढं मोठं भोक पाडून ते फक्त रबराच्या भरवशावर बंद केलंय, म्हणजे कुकरच्या रिंगसारखंच, रबर सुकलं, चिरलं की शिट्टी होत नाही तसं इथे पाणी थांबत नाही. ऊन हे रबर मारतं. वर्षातून दोन-चार वेळा साबणाच्या पाण्याने पुसून रबरासाठीचंच कंडिशनर लावावं, पेट्रोलियमवालं काही लावू नये, व्हॅसलीनसुद्धा नाही, त्याने रबर फुगून मऊ पडतं. दातेरी पट्ट्यांना ग्रीस फासायची हौसही आवरावी, ग्रीसवर वाळू चिकटते आणि तीच मग पॉलिश पेपरसारखी दाते झिजवते. कोरडा सिलिकॉन किंवा पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) स्प्रे पुरतो. हायड्रॉलिक असेल तर तेलाची पातळी सगळ्या स्लाइड आणि जॅक आत घेतलेले असतानाच बघायची, नाहीतर टाकी रिकामी वाटते, माणूस वरपर्यंत भरतो आणि मग आत घेताना तेल बाहेर सांडतं.

निघायच्या दिवशी स्लाइडच्या टपावर काय साचलंय ते शिडी लावून बघावं. पानं, काटक्या, थंडीच्या भागात बर्फ, हे सगळं खोलीबरोबर आत येतं आणि रबर फाडतं. यासाठी वर ताडपत्रीसारखं टॉपर लावतात, पानं अडतात खरी पण पावसात त्यावर डबकं होतं आणि वाऱ्यात रात्रभर ते फडफडतं, जोराचा वारा असेल तर स्लाइडच आत घेतलेली बरी. दुकानाच्या पार्किंगमध्ये एक रात्र काढायची असेल तरीही बंदच ठेवावी, दोन गाड्यांची जागा अडवून बसणं तिथे बरं दिसत नाही. गाडीला ट्रॅव्हल लॉक, म्हणजे प्रवासात स्लाइड आतच अडकवून ठेवणारे अडसर असतील तर उघडण्याआधी काढायचे आणि बंद केल्यावर लावायचे, लॉक तसेच ठेवून बटण दाबणारे दरवर्षी निघतात.

मोटर मेलीच तर बहुतेक स्लाइड हाताने आत घेता येतात, कुठे क्रँक म्हणजे फिरवायचा दांडा लागतो, कुठे मोटरचा ब्रेक सोडून ढकलावी लागते, हायड्रॉलिकमध्ये व्हॉल्व्ह उघडावा लागतो. हे एकदा घराच्या अंगणातच करून बघावं.

अमेरिकेत सुट्टीत आरव्ही (अशा राहत्या गाड्यांना तिथे हेच म्हणतात) भाड्याने घेणाऱ्या आपल्या लोकांना बऱ्याचदा बिनस्लाइडची गाडीच मिळते, आणि भारतात व्हॅन किंवा मिनीबसवर बांधलेल्या कॅराव्हॅनमध्येही ती सहसा नसते. जुनी मोटरहोम विकत घेणाऱ्याने मात्र स्लाइडच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बोटाने फरशी दाबून बघावी. मऊ लागली तर आतलं प्लायवूड कुजलंय. आणि मालकाला विजेची वायर काढून, नुसत्या बॅटरीवर स्लाइड आत-बाहेर करून दाखवायला सांगावं.