'वायरलेस' म्हणजे नेमकी कोणती तार नाही? घरातल्या व्हिडिओ बेबी मॉनिटरची पार्श्वभूमी

लहान मुलांवर नजर ठेवण्यासाठी कॅमेरा आणि स्क्रीनचा संच निवडायला बसलं की चार शब्द सतत समोर येतात: डिजिटल, सुरक्षित, तीनशे मीटर रेंज आणि वायरलेस. पहिल्या तिघांचा अर्थ लोक निदान विचारतात. चौथ्याचा कुणी विचारत नाही, तो सगळ्यांना कळलेलाच आहे असं आपण धरून चालतो. माझ्या मते या वस्तूच्या इतिहासातला बराचसा घोळ त्याच शब्दापाशी आहे.

मुळात पहिला संच बिनतारी नव्हताच. १९३२ साली अमेरिकेत एका नामवंत वैमानिकाच्या तान्ह्या मुलाचं घरातून अपहरण झालं आणि तिथल्या पालकांच्या मनात धास्ती बसली. त्या पार्श्वभूमीवर १९३७ मध्ये एका रेडिओ कंपनीने बाळाच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारा संच तयार केला. त्याचं बेकलाइटचं, म्हणजे त्या काळच्या कडक प्लास्टिकचं, कवच एका शिल्पकाराकडून करून घेतलं होतं. आवाज जायचा तो घरातल्याच विजेच्या वायरिंगमधून. दोन्ही भाग भिंतीतल्या प्लगला लावायचे, वेगळी तार ओढायची गरज नाही. मात्र त्याच वायरिंगवर भलतेच रेडिओ आवाजही उतरत. आपल्या घरातला आवाज आपल्याच घरात राहावा आणि बाहेरचा आत येऊ नये, ही अडचण पहिल्या संचापासूनची आहे.

मधली चार-पाच दशकं वेगाने ओलांडायला हरकत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत ४९ मेगाहर्ट्झवर चालणारे आवाजाचे मॉनिटर घरोघरी पोचले. त्याच लहरींवर तेव्हाचे कॉर्डलेस फोन आणि खेळण्यातले वॉकी-टॉकी चालत, त्यामुळे पाळण्याजवळचा आवाज रस्त्यावरच्या साध्या स्कॅनरवरही, म्हणजे हवेतल्या लहरी शोधून ऐकवणाऱ्या रेडिओवरही, ऐकू येई.

व्हिडिओ आला तो रेडिओ लहरींच्या वेगळ्या पट्ट्यावर, आणि त्यामागे १९८५ चा एक निर्णय आहे. उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी सोडलेल्या ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत संदेशवहनाच्या नव्या पद्धती विनापरवाना वापरायला अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने मुभा दिली. या पट्ट्यांना तोवर फारशी किंमत नव्हती, कारण तिथे आधीपासून गोंगाट होता. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे २.४ च्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर. पुढे वायफाय त्याच मोकळिकीतून उभं राहिलं. स्वस्त व्हिडिओ ट्रान्समीटरही तिथेच आले आणि त्यांतून पहिले व्हिडिओ बेबी मॉनिटर निघाले.

हे संच ॲनालॉग होते, म्हणजे चित्र आकड्यांत न बदलता थेट लहरींवर स्वार होऊन जायचं. पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचा. एकेक चित्र त्यातला एवढा भाग व्यापायचं की चारच चॅनेल बसत: २४१४, २४३२, २४५० आणि २४६८. निवडायला तेवढेच, काही संचांत त्याहून कमी. सिग्नलला कुलूप नसायचं. त्या चॅनेलवर लावलेला कुठलाही रिसीव्हर तो पकडायचा. एका इमारतीत तान्ही मुलं असलेली पाच कुटुंबं राहत असली तर कुणाच्या तरी स्क्रीनवर दुसऱ्याचं बाळ दिसणं जवळपास अटळ होतं. त्यासाठी कुणी मुद्दाम डोकावायची गरज नव्हती. ओव्हन सुरू झाला की चित्रावर आडवे पट्टे यायचे, राउटर घेतला की चित्र अडखळायचं.

२००७ सालची एक घटना त्या काळाचं चित्र नेमकं दाखवते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या एका आईला मॉनिटरच्या एका चॅनेलवर स्वतःचं बाळ दिसत होतं आणि दुसऱ्यावर अवकाशयानातले अंतराळवीर. ते चित्र थेट यानातून तिच्या घरी येत नव्हतं, हे अवकाश संस्थेने स्पष्ट केलं. ते प्रक्षेपण टीव्हीवर खुलं होतं. आसपासच्या कुणीतरी ते आपल्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत वायरलेस ट्रान्समीटरने पाठवलं असणार, एवढाच खुलासा पटतो. बातमी गमतीची म्हणून जगभर फिरली. पण तिच्या मॉनिटरवर शेजाऱ्याचा टीव्ही येत होता, तर शेजाऱ्याच्या रिसीव्हरवर तिच्या बाळाची खोली दिसू शकत होती. बातमीचा खरा मुद्दा तो होता, आणि तोच मागे पडला.

यावरचा उपाय त्या दशकाच्या अखेरीस बाजारात रुळला: डिजिटल सिग्नल आणि लहरींची उडी. कॅमेरा आणि स्क्रीन दोघं ठरलेल्या क्रमाने, सेकंदाला अनेकदा, एका वारंवारितेवरून दुसरीवर उड्या मारतात. हा क्रम त्या दोघांनाच पेअरिंगच्या वेळी, म्हणजे त्यांची जोडी जुळवताना, कळलेला असतो. कल्पना जुनी आहे. टॉर्पेडोचं नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून एका अभिनेत्रीने आणि एका संगीतकाराने मांडलेल्या अशाच पद्धतीला १९४२ मध्ये पेटंट मिळालं होतं. बेबी मॉनिटरमध्ये या बदलाने शेजारचं बाळ दिसण्याचा प्रकार जवळपास संपला. पण उडी मारणं आणि चित्र सांकेतिक करणं, म्हणजे एन्क्रिप्शन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे योगायोगाने कुणी आत येत नाही, दुसरीमुळे ठरवून येणाऱ्याला अटकाव होतो. खोक्यावर मात्र दोन्हींसाठी 'सुरक्षित' हा एकच शब्द छापला जातो. संच घेताना एन्क्रिप्शन आहे का, हे वेगळं विचारावं लागतं.

आता मूळ शब्दाकडे. मराठीत 'बिनतारी' हा शब्द तारेच्या जमान्यातला. तार म्हणजे संदेश, आणि तो वाहून नेणारी तारही तीच. ती नसताना गेलेला संदेश बिनतारी. अर्थ पक्का होता: दोन टोकांमध्ये तार नाही. 'वायरलेस'चाही तोच अर्थ होता. व्हिडिओ मॉनिटरमध्ये मात्र तारा तीन आहेत. एक, कॅमेऱ्यापासून स्क्रीनपर्यंतची, जी खरोखरच नाहीशी झाली. दुसरी, कॅमेऱ्याला वीज देणारी, जी बहुतेक संचांत अजून आहे. रात्रभर अंधारात दिसण्यासाठीचा इन्फ्रारेड दिवा लावून चित्र पाठवायचं तर बॅटरी पुरत नाही, आणि कॅमेरा नेमका रात्रभरच चालायला हवा असतो. तिसरी तार डोळ्यांना दिसत नाही. ती घरातल्या राउटरपासून बाहेर जाते, दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरपर्यंत. वायफायवाला कॅमेरा त्याच अर्थाने वायरलेस, ज्या अर्थाने मोबाइल वायरलेस. पहिल्या पाच-दहा मीटरांत तार नाही, त्यानंतर सगळी तारच आहे.

खोक्यावरचा एकच शब्द या तिन्ही तारांविषयी बोलत असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तो फक्त पहिलीबद्दल असतो. काही पालकांना वाटतं की वायर नाही, म्हणजे बाळाजवळ दोरी नाही. काहींना वाटतं की वायरलेस म्हणजे वायफाय लागणारच. आणि काहींना वाटतं की वायफाय असलं तरी चित्र घरातल्या घरातच फिरतं. तिन्ही समज एकाच शब्दातून निघालेले, तिन्ही चुकीचे.

पहिल्या समजाची किंमत सर्वांत भीषण होती. २०१० मध्ये अमेरिकेत दोन बाळांचा मॉनिटरच्या कॅमेऱ्याची विजेची वायर गळ्याभोवती गुंडाळली जाऊन मृत्यू झाला, एक दहा महिन्यांची मुलगी आणि एक सहा महिन्यांचा मुलगा. फेब्रुवारी २०११ मध्ये सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटर रिकॉलखाली आले. हा रिकॉल संच परत घेण्याचा नव्हता. ग्राहकांना वायरवर लावायची इशाऱ्याची पट्टी आणि वायर दूर ठेवण्याच्या सूचना पाठवल्या गेल्या. वायर पाळण्यापासून किमान ३ फूट दूर हवी, हा नियम त्यानंतर सर्वत्र सांगितला जाऊ लागला. कॅमेरा पाळण्याच्या कठड्यावर लावला की चित्र जवळून आणि छान येतं, म्हणून मोह होतो. तो टाळून कॅमेरा भिंतीवर लावायचा आणि वायर भिंतीलगत पक्की करायची. संच निवडताना झूम किंवा लेन्सचा कोन तपासायचा तो यासाठी, म्हणजे लांबूनही बाळ नीट दिसेल.

तिसऱ्या तारेची गोष्ट मोबाइल हातोहाती आल्यानंतरची. मॉनिटरसाठी वेगळी स्क्रीन कशाला, खिशात आहे तीच चालेल, हा विचार मोहात पाडणारा होता. सुरुवातीच्या वायफाय कॅमेऱ्यांना बाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये वाट उघडावी लागे. कॅमेऱ्याला कारखान्यातून लावलेला, सगळ्या नगांना सारखाच पासवर्ड असायचा आणि तो बदलणारे थोडेच. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनजवळ एका दोन वर्षांच्या मुलीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून अनोळखी माणूस शिव्या देऊ लागला. आईवडिलांनी खोलीत धाव घेतली तर कॅमेरा त्यांच्याकडे वळला. पुढच्याच वर्षी जगभरातल्या हजारो खासगी कॅमेऱ्यांची थेट चित्रं एका संकेतस्थळावर एकत्र दिसू लागली. तिथे कुणी कुलूप फोडलं नव्हतं, सगळीकडे कारखान्यातलाच पासवर्ड होता. २०१५ मध्ये सुरक्षा तज्ज्ञांनी नऊ वायफाय मॉनिटर तपासले, त्यांपैकी आठ नापास झाले.

कंपन्यांनी उत्तर म्हणून उघडी वाट बंद केली आणि मध्ये स्वतःचा किंवा भाड्याचा सर्व्हर आणला. कॅमेरा सर्व्हरशी बोलतो, ॲपही सर्व्हरशी बोलतं, राउटरमध्ये काही करावं लागत नाही. पालकांची सोय झाली, यात शंका नाही. पण आता विश्वास ठेवायचा तो त्या सर्व्हरवर. २०१९ मध्ये अशा जोडणीच्या एका प्रचलित पद्धतीत दोष सापडला आणि २० लाखांहून अधिक उपकरणं त्याच्या कक्षेत होती. जानेवारी २०२० मध्ये एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या स्क्रीनला जोडलेल्या माणसाला अनोळखी घरांतली स्थिरचित्रं दिसू लागली, त्यांत पाळण्यात झोपलेलं बाळही होतं. मे २०२१ मध्ये आणखी एका कंपनीच्या सर्व्हरवर अद्ययावतीकरण करताना काहीतरी चुकलं आणि काही ग्राहकांना दुसऱ्यांच्या खोल्या दिसल्या. या शेवटच्या दोन्ही घटनांत हल्लेखोर कुणीच नव्हता. ॲनालॉगच्या काळातलं शेजारचं बाळ परत आलं होतं, फक्त शेजार आता जगभर पसरलेला होता.

म्हणून माझा कल उघडपणे बिनावायफायच्या, पेअरिंगवाल्या डिजिटल संचाकडे आहे. घरातल्या घरात बाळावर नजर ठेवणं एवढीच गरज असेल तर चित्र घराबाहेर नेण्याचं कारण नाही. त्यात चित्रही कमी उशिराने पोचतं आणि इंटरनेट बंद पडलं तरी काम थांबत नाही. ज्या आईबाबांना कामावरून मूल बघायचं आहे त्यांची गरज वेगळी आणि खरी आहे. त्यांना वायफायच लागेल, आणि त्यांनी दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय ओळखीचा आणखी एक पुरावा मागणं) देणारा, स्वतःचा पासवर्ड ठेवायला भाग पाडणारा संच घ्यावा. रेंजचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमागे तो कितीतरी घसरतो, म्हणून परत करण्याची मुदत असतानाच स्वतःच्या घरात खोली-खोलीतून तपासावा. परदेशातून आलेला संच असेल तर पट्टाही बघावा: आवाजाच्या अनेक मॉनिटरमध्ये वापरला जाणारा कॉर्डलेस फोनचा डिजिटल पट्टा युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ आहे, अमेरिकेत १९२० ते १९३०. एकीकडचा संच दुसरीकडे मोबाइल जाळ्यात ढवळाढवळ करू शकतो.

'मॉनिटर' या शब्दाबद्दलही थोडं. रुग्णालयातला मॉनिटर ठोके आणि श्वास मोजतो, त्यामुळे घरातला मॉनिटरही जीव राखतो असं वाटू लागतं, आणि श्वास किंवा ऑक्सिजन मोजणारे मोजे-पट्टे सोबत मिळू लागल्यापासून हे वाटणं वाढलं आहे. बालरोगतज्ज्ञांची भूमिका स्पष्ट आहे: झोपेतला अचानक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती मॉनिटरवर विसंबू नये. ज्याने फरक पडला ती गोष्ट विनाउपकरणाची होती. १९९० च्या दशकात बाळाला पाठीवर झोपवण्याचा सल्ला पसरला आणि अमेरिकेत अशा मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

कायदे अलीकडचे आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देऊन विकता येत नाही. ब्रिटनमध्ये सुरक्षेची अद्ययावतीकरणं किती काळ मिळतील हेही सांगावं लागतं. घरात आधीच असलेल्या संचांना हे लागू होत नाही. आणि बेबी मॉनिटर ही हातोहात फिरणारी वस्तू आहे: दोन-तीन वर्षांत मूल मोठं होतं, संच नात्यात किंवा ओळखीत पुढे जातो. २०१९ मध्ये एका वायफाय कॅमेऱ्याबाबत असं उघड झालं होतं की तो पूर्ण रीसेट करून दुसऱ्याला दिल्यानंतरही जुन्या मालकाला दुसऱ्या एका जोडलेल्या सेवेतून नव्या घराची चित्रं दिसत होती. कंपनीने तो दोष दुरुस्त केला. वापरलेला संच घरात आला तर आधीच्या घराने आपल्या खात्यातून तो काढून टाकला आहे का, हे त्यांना विचारूनच तो बाळाच्या खोलीत लावावा.