पडद्याऐवजी फाइलमध्ये

रात्रभर चालणाऱ्या स्क्रिप्टचे आउटपुट पडद्यावरून भराभर वर सरकत जाते आणि सकाळी शेवटच्या काही ओळीच हाती लागतात; म्हणून आज्ञेनंतर ‘>’ हे चिन्ह आणि फाइलचे नाव लिहितात. बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेत घडलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या 1971 सालच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ही सोय दिलेली आहे. हे चिन्ह वाचतो तो शेल, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम. स्क्रिप्टला त्याचा पत्ताही नसतो.

प्रत्येक प्रोग्रामला सुरू होतानाच तीन क्रमांकित वाटा मिळतात: 0 वरून माहिती आत येते, 1 वरून आउटपुट बाहेर पडते आणि 2 वरून चुकांच्या सूचना. ‘>’ दिसताच शेल आधी फाइल उघडतो, 1 ची वाट तिला जोडतो आणि मगच प्रोग्राम सुरू करतो. सगळी मेख या क्रमात आहे. नावे जागच्या जागी अकारविल्हे लागतील या भाबड्या समजुतीने मी एकदा ‘सॉर्ट यादी > यादी’ असे लिहिले; शेलने फाइल उघडतानाच कोरी केली, सॉर्टला वाचायला काही उरलेच नाही आणि तक्रारीचा एक शब्दही न उमटता यादी शून्य बाइटची झाली. जुन्या मजकुराखाली नवा जोडायचा असेल तर ‘>>’ वापरतात, पण इथे तेही चालले नसते. निकालासाठी दुसरी फाइलच हवी होती.

2 ची वाट मात्र नंतर आली. बेल लॅब्समधल्या मंडळींनी फोटोटाइपसेटरचा, म्हणजे प्रकाशाने अक्षरे उमटवणाऱ्या छपाईयंत्राचा, कागद धुऊन पाहिला, तर त्यावर सुबक अक्षरांत ‘फाइल उघडता येत नाही’ एवढीच ओळ छापलेली असे. त्या वैतागातून चुकांची वाट वेगळी झाली, असे तिथलेच लोक सांगत. आउटपुट आणि चुका या दोन्ही वाटा एकाच फाइलमध्ये हव्या असतील तर ‘> नोंद 2>&1’ असे लिहितात. शेल हे डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे ‘2>&1 > नोंद’ असे उलटे लिहिल्यास 1 तेव्हा टर्मिनललाच, म्हणजे पडद्यालाच, जोडलेली असते, आणि चुका पडद्यावरच राहतात.

एवढे करूनही कधीकधी फाइल बराच वेळ रिकामी दिसते. सी भाषेचे आउटपुट लिहिणारे लायब्ररी फंक्शन टर्मिनलवर ओळ पूर्ण होताच ती पाठवते, पण फाइल असेल तर काही हजार बाइटचा गठ्ठा साचेपर्यंत थांबते. पायथन ही भाषाही तशीच वागते, आणि ‘-यू’ हा पर्याय दिला की ओळी लगेच दिसू लागतात.