प्रतलछेदन : भूमिती आणि मेश

फायनाइट एलिमेंट विश्लेषणात वस्तू लहान लहान तुकड्यांची (एलिमेंटांची) बनलेली धरून तिच्यातले ताण संगणकावर काढतात. या तुकड्यांच्या जाळीला मेश म्हणतात आणि तुकडे जिथे जोडले जातात त्या बिंदूंना नोड. विश्लेषणाआधी वस्तूचे मॉडेल सपाट प्रतलांनी कापून त्याचे भाग पाडणे म्हणजे प्रतलछेदन. सॉफ्टवेअरनुसार याला पार्टिशन, स्लाइस किंवा स्प्लिट म्हणतात. बोलताना सरळ ‘कट मारणे’. वस्तू यात तुटत नाही. कटाच्या दोन्ही बाजूंचे भाग एकच पृष्ठ आणि तेच नोड वापरतात, म्हणून बल एका भागातून दुसऱ्यात जसेच्या तसे जाते. हे पृष्ठ सामाईक राहिले नाही, तर मॉडेल सुटे पडते आणि सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम, एकतर गणितच सोडवत नाही किंवा चुकीचे उत्तर देतो.

कट कुठे मारायचा हे सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणावरून चांगले कळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सांडव्याबाहेरच्या उंच मोनोलिथांना (धरण ज्या शेजारी-शेजारी उभ्या ठोकळ्यांचे बनते त्यांना) वरच्या भागात तडे गेले. धरणाच्या जलाशयाविरुद्धच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास ते होते. अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती या संशोधकांनी १९७३ साली या नुकसानीचे फायनाइट एलिमेंट विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून कोयनेचा मोनोलिथ जगभर पडताळणीचे उदाहरण म्हणून वापरला जातो. त्याची रूढ मापे अशी : उंची १०३ मीटर, माथ्याची रुंदी १४.८ मीटर, आणि तळापासून ६६.५ मीटरवर उतार बदलतो तिथे रुंदी १९.३ मीटर.

या मोनोलिथला निदान दोन आडवे कट लागतात. पहिला ६६.५ मीटरवर, कारण ताण तिथे एकवटतो आणि मेश तिथेच बारीक हवा. दुसरा पाण्याच्या पातळीवर, जी रूढ उदाहरणात ९१.७५ मीटर धरतात. पाण्याचा दाब त्या रेषेखालीच लावायचा असतो. तिथे कड नसेल, तर अर्ध्या ओल्या एलिमेंटवर दाब नेमका किती धरायचा हा प्रश्न उरतो. एक कट ताणासाठी, दुसरा भारासाठी. ज्या कटामागे असे कारण सांगता येत नाही, तो मारू नये. त्याने फक्त बारीक चिरफळ्या वाढतात.

भूमितीवर आधीच कट मारण्याचा मोठा फायदा म्हणजे विटांसारख्या आठ नोडच्या हेक्स एलिमेंटांचा मेश. वेडावाकडा घन सरळ हेक्समध्ये बसत नाही, पण प्रतलांनी त्याचे सोपे ठोकळे केले की बसतो. चार नोडचे साधे टेट (चतुष्फलक) एलिमेंट वाकणाऱ्या भागात फाजील ताठ वागतात, म्हणून ही मेहनत घ्यायची.

तयार मेश कापणे जास्त नाजूक काम आहे. आधी प्रत्येक नोडचे प्रतलापासूनचे चिन्हासह अंतर काढतात. समजा, एका कडेचा एक नोड ६४ मीटरवर आणि दुसरा ६८ मीटरवर आहे. ६६.५ च्या प्रतलापासून त्यांची अंतरे उणे २.५ आणि अधिक १.५ येतात. २.५ भागिले ४ म्हणजे ०.६२५, खालच्या नोडपासून कडेच्या तेवढ्या अंशावर नवा नोड पडतो. टेट कापल्यावर छेद त्रिकोणी किंवा चौकोनी येतो. त्रिकोणी असेल तर एक टेट आणि एक पाचर मिळते, चौकोनी असेल तर दोन पाचरी. प्रत्येक पाचरीचे पुढे तीन टेट होतात. इथे शेजारच्या एलिमेंटांनी सामाईक चौकोनावर एकच कर्ण निवडायला हवा, नाहीतर मेश जुळत नाही. हेक्स तिरपा कापला तर छेदाला सहापर्यंत बाजू येतात आणि तुकडे सहसा हेक्स राहत नाहीत. एखादा नोड प्रतलापासून सेंटिमीटरभरच दूर असेल, तर तिथे कापू नये. तो नोडच प्रतलावर सरकवावा. नाहीतर सुईसारखे एलिमेंट तयार होतात आणि ते उत्तर बिघडवतात.

सममितीच्या प्रतलावर कापून अर्धे किंवा पाव मॉडेल घेता येते. मात्र भारही सममित हवा. बकलिंग (दाबाखाली अचानक वाकून ढळणे) आणि कंपनाचे काही आकार विषमसममित असतात, ते अर्ध्या मॉडेलमध्ये दिसतच नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे नाव पंपांशी जोडलेले आहे. अशा पंपाच्या सहा पात्यांच्या इम्पेलरचा (पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाचा) ६० अंशांचा एकच तुकडा पुरतो. पाती वळलेली असतील, तर सपाट प्रतल पाते कापून जाते, म्हणून तिथे दोन पात्यांच्या मधून जाणारे वक्र पृष्ठ घ्यावे.

सबमॉडेलसाठी, म्हणजे मॉडेलचा एकच भाग बारीक मेशने पुन्हा सोडवण्यासाठी, तो भाग कापून काढताना सीमा ताणाच्या शिखरापासून लांब ठेवतात. कृष्णाकाठचा शेतकरी लागणीसाठी उसाची टिपरी करताना डोळ्याला धक्का न लावता कांडीवर कोयता चालवतो. इथेही ज्याच्यासाठी भाग काढायचा, ते शिखर कटाच्या जवळ येता कामा नये.

कट उत्तर तपासायलाही उपयोगी पडतो. कोयनेच्या ६६.५ मीटरवरच्या कटावर फक्त स्वतःच्या वजनाखालचे उभे बल एकत्र करावे. वरच्या ३६.५ मीटर उंचीच्या भागाचे क्षेत्रफळ सुमारे ६२२ चौरस मीटर आहे. घनता २,६४३ किलो प्रति घनमीटर धरली, तर धरणाच्या दर मीटर लांबीमागे ते बल सुमारे १,६४५ टन वजनाएवढे यायला हवे. जुळले नाही, तर आधी घनतेचे एकक पाहावे आणि मग कटावरचे नोड खरोखर सामाईक आहेत का ते.