संगणकाचा आवाज आणि डॅकची निवड : पार्श्वभूमी

संगणकावरून काळजीपूर्वक संगीत ऐकू पाहणाऱ्याला डॅकविषयी, म्हणजे आकड्यांत साठवलेला आवाज पुन्हा विद्युत लहरीत बदलणाऱ्या उपकरणाविषयी, आज जे सल्ले मिळतात, ते सगळे एकाच काळातले नाहीत. 'जिटर कमी असलेला घ्या', 'अमुक चिप असेल तरच घ्या', 'असिंक्रोनस यूएसबी आहे का ते पाहा', 'ऑप्टिकल जोडणी टाळा' ही वाक्ये एका दमात सांगितली जातात. परंतु त्यांतील प्रत्येक वाक्य वेगळ्या वर्षी, वेगळ्या अडचणीवरचा उपाय म्हणून पुढे आले. त्यांतल्या काही अडचणी केव्हाच मिटल्या, सल्ले मात्र मागे उरले. म्हणून डॅक घेण्यापूर्वी कोणती अडचण केव्हा निर्माण झाली आणि ती अजून शिल्लक आहे का, हे पाहणे उपयोगाचे ठरते.

ध्वनीच्या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून ती आकड्यांत लिहायची, ही कल्पना संगीतासाठी नव्हे, तर दूरध्वनीसाठी निघाली. ब्रिटिश अभियंता ॲलेक रीव्हज पॅरिसमध्ये काम करत असताना, १९३७-३८ च्या सुमारास, त्याने या पद्धतीची मांडणी केली. लांबच्या तारांवर प्रत्येक टप्प्यावर खरखर वाढत जाते, पण आकडे मात्र जसेच्या तसे पुन्हा उभे करता येतात, हा त्यामागचा विचार होता. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तिचा गणिती पाया स्पष्ट शब्दांत मांडला : लहरीत जी सर्वांत वरची वारंवारता असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मूळ लहर त्या नमुन्यांतून पूर्णपणे परत मिळवता येते. येथे 'पूर्णपणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. डिजिटल आवाज म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक आकार असतो, असे चित्र असंख्य जाहिरातींत छापले गेले. पण डॅकच्या शेवटी असलेल्या फिल्टरमधून बाहेर पडते ती सलग लहरच असते आणि पायऱ्या आतच संपतात. पुढच्या चाळीस वर्षांतली बरीच ओढाताण हा फिल्टर नीट कसा करायचा याभोवतीच झाली.

सीडीवरील नमुन्यांचा ४४.१ किलोहर्ट्झ हा विचित्र दर कोठून आला, याचे उत्तर व्हिडिओ टेपमध्ये आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एवढी माहिती साठवू शकणारे हाताशी असलेले साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर होते, म्हणून ध्वनीचे नमुने चित्राच्या ओळींत लिहिले जाऊ लागले. एका ओळीत ३ नमुने, वापरण्याजोग्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे (अर्धी चित्रे), यांचा गुणाकार ४४,१०० येतो. युरोपीय पद्धतीच्या २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे घेतली तरी आकडा तोच येतो. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि व्यावसायिक ध्वनिमुद्रणात मात्र ४८ किलोहर्ट्झ रूढ झाले. संगणकावर ऐकणाऱ्यांना पुढे जो त्रास झाला, त्याचे एक मूळ या दोन दरांच्या सवतेपणात आहे.

सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेली सीडी १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आली. फिलिप्सने आपला डॅक १४ बिटांचा (बिट म्हणजे नमुना लिहिण्याच्या द्विमान आकड्यातील एक स्थान; बिट जास्त तितके मोजमाप बारीक) गृहीत धरून तयार केला होता आणि सोनीने १६ बिटांचा आग्रह धरला. सोनीचे म्हणणे मान्य झाले, तेव्हा फिलिप्सच्या अभियंत्यांपुढे हाताशी असलेल्या टीडीए१५४० या १४ बिटांच्या चिपमधून १६ बिटांचे काम कसे काढायचे, असा प्रश्न उभा राहिला. त्यांनी नमुन्यांचा दर चौपट, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झ केला आणि आकडेमोडीतील चूक कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकलली. ही ओव्हरसॅम्पलिंगची पद्धत अडचणीतून निघाली असली तरी तिचा दुसरा लाभ मोठा होता. सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये ओव्हरसॅम्पलिंग नव्हते. तेथे २० किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे जाऊ द्यायचे आणि २२.०५ च्या पुढचे अडवायचे, हे काम कॉइल, कपॅसिटर व रेझिस्टर यांच्या अतिशय तीव्र फिल्टरकडून करवून घ्यावे लागे आणि असा फिल्टर वरच्या पट्टीतील स्वरांच्या वेळेत गडबड करतो. फिलिप्सच्या यंत्रात तेच काम बव्हंशी आकडेमोडीने होत असल्यामुळे बाहेरचा फिल्टर साधा व सौम्य ठेवता आला. सोनीच्या त्या यंत्रात एकच डॅक आलटून पालटून दोन्ही बाजूंचे नमुने लहरीत बदलत असे, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचे अंतर पडत असे, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

सोळा बिटांचा डॅक बनवणे आज वाटते तितके सोपे नव्हते. चिपमधील सर्वांत वजनदार, म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीच्या, बिटाचा विद्युतप्रवाह ६५,५३६ मध्ये एक भाग इतक्या अचूकतेने जुळवावा लागतो आणि तो तापमान बदलले तरी टिकवावा लागतो. फिलिप्सच्या टीडीए१५४१ए या चिपमधून मोजमापात सरस ठरलेल्या नगांवर मुकुटाची खूण छापली जाई. ते नग हौशी मंडळी अजून शोधत असतात. चिपच्या नावावरून डॅकची पारख करण्याची सवय त्या काळात लागली आणि त्या काळापुरती ती रास्तही होती, कारण दोन नगांतला फरक खरोखरच मोजता येत होता.

या वजनदार बिटांच्या कटकटीतून सुटका करणारी युक्ती आधीच लिहून ठेवलेली होती. टोकियो विद्यापीठातील हिरोशी इनोसे आणि यासुहिको यासुदा यांनी १९६२ मध्ये डेल्टा-सिग्मा पद्धत मांडली होती : थोडेच बिट वापरायचे, पण अतिशय वेगाने वापरायचे आणि झालेली चूक पुढच्या नमुन्यात वळती करत राहायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप्सने 'बिटस्ट्रीम' या नावाने आणि मात्सुशिताने 'मॅश' या नावाने ती बाजारात आणली. आजचे बहुतेक सगळे डॅक याच कुळातले असून त्यांत एकाऐवजी काही बिट वापरले जातात. रेझिस्टरच्या शिडीचे आणि ओव्हरसॅम्पलिंगविरहित डॅक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधून पुन्हा चर्चेत आले, त्यांचे चाहतेही पुष्कळ आहेत. मात्र अचूकतेच्या दृष्टीने पाहिले तर ती १९८२ च्या अडचणीकडे स्वखुशीने परत जाण्याची वाट आहे, असे माझे मत आहे. त्यांचा स्वर कोणाला आवडला, तर तो आवडीचा भाग झाला.

डॅक ही वेगळी पेटी झाली ती १९८० च्या दशकाच्या मध्यास, सीडी प्लेयरमधून आकडे बाहेर काढणारी एस/पीडीआयएफ जोडणी आल्यानंतर. ती तांब्याच्या तारेने किंवा तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या टॉसलिंक या प्रकाशतंतूने जोडता येते. या जोडणीत आकडे आणि त्यांची वेळ एकाच प्रवाहात मिसळून जातात आणि घेणाऱ्या पेटीला त्यातून वेळ वेचून काढावी लागते. वेचताना जी थरथर राहते तिला जिटर म्हणतात. २० किलोहर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर घेतला आणि १६ बिटांच्या मोजपट्टीवर अर्ध्या पायरीएवढीही चूक नको म्हटले, तर वेळेतील चूक सुमारे १२० पिकोसेकंदांच्या आत ठेवावी लागते. हे गणित अचूक असले तरी त्यातील सूर संगीतात जवळपास कधीच नसतो. जपानमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना यादृच्छिक जिटर जाणवला, तो काही शे नॅनोसेकंदांच्या पातळीवर, म्हणजे या हिशेबाच्या हजारपटीहून अधिक. टॉसलिंकची बदनामी झाली ती याच जिटरच्या धास्तीतून.

संगणक या कथेत उशिरा आणि वाईट कपड्यांत आला. १९८९ चे पहिले साउंड ब्लास्टर कार्ड ८ बिटांचे व एकाच वाहिनीचे होते आणि ते खेळांसाठी होते. १९९७ च्या इंटेलच्या एसी'९७ मानकामुळे ध्वनीची चिप थेट मदरबोर्डवर बसली, पण त्या मानकाचा मूळ दर ४८ किलोहर्ट्झ होता. सीडीवरून घेतलेले ४४.१ चे संगीत वाटेत कोठेतरी ४८ मध्ये बदलले जाई आणि ते बदलणारी आकडेमोड त्या काळात घाईची व निकृष्ट असे. त्यात विंडोजचा मिश्रक (मिक्सर) सगळ्या कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून दर व पातळी परस्पर बदलत असे. मदरबोर्डवरील विद्युत खरखरही होतीच. माउस हलवला की स्पीकरमधून बारीक किरकिर येणे, हा त्या पिढीच्या श्रोत्यांचा सार्वत्रिक अनुभव होता. 'संगणकाच्या आवाजाला बाहेरचा डॅक हवाच' हे मत येथे पक्के झाले. मूळ आकडे न दुखावता कमी जागेत साठवणारा फ्लॅक हा फाइलप्रकार २००१ मध्ये आल्यावर संगणकावरचा संग्रह सीडीच्या तोडीचा झाला, त्यामुळे बाहेर पडण्याचा मार्गही तेवढाच नीट असण्याची निकड वाढली.

तो मार्ग यूएसबीचा ठरला. यूएसबीवरून ध्वनी पाठवण्याचे पहिले मानक १९९८ चे आहे. त्यात संगणक दर मिलिसेकंदाला एक पुडके पाठवतो. ४४.१ किलोहर्ट्झसाठी नऊ पुडक्यांत ४४ आणि दहाव्यात ४५ नमुने भरावे लागतात. सुरुवातीच्या यूएसबी डॅकमध्ये रूढ असलेल्या 'ॲडॅप्टिव्ह' पद्धतीत डॅकला संगणकाच्या या चालीशी आपले घड्याळ जुळवत राहावे लागे आणि जिटरचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. 'असिंक्रोनस' पद्धतीत नाते उलटे असते : डॅकचे स्वतःचे स्थिर स्फटिक-घड्याळ प्रमाण मानले जाते आणि डॅकच संगणकाला नमुने थोडे कमी किंवा जास्त पाठवायला सांगतो. गंमत अशी की ही पद्धत १९९८ च्या मानकात लिहिलेलीच होती, परंतु हौशी श्रोत्यांच्या यंत्रांत ती रुजायला जवळपास दहा वर्षे लागली. २००९-१० नंतर ती झपाट्याने पसरली आणि आता ती इतकी सर्वसाधारण आहे की खोक्यावर ठळक छापण्यात अर्थ उरलेला नाही.

दुसऱ्या पिढीच्या यूएसबी ध्वनी मानकाने ९६ किलोहर्ट्झच्या पुढचे दर शक्य केले. मॅक आणि लिनक्सने ते २०१० च्या सुमारास स्वीकारले. विंडोजमध्ये ते मुळातून आले ते २०१७ मध्ये. मधल्या वर्षांत विंडोज वापरणाऱ्यांना प्रत्येक डॅकचा स्वतंत्र ड्रायव्हर घालावा लागे आणि 'निर्मात्याचा ड्रायव्हर चांगला आहे का' हा त्या काळातला सर्वांत व्यावहारिक प्रश्न होता. जुने उपकरण विकत घेताना तो आजही विचारावा.

मोठ्या आकड्यांच्या मोहाविषयी थोडक्यात. १६ बिटांचा सैद्धांतिक पल्ला, म्हणजे सर्वांत मोठा आवाज आणि तळाची खरखर यांतले अंतर, सुमारे ९८ डेसिबल आणि २४ बिटांचा सुमारे १४६ डेसिबल असतो. प्रत्यक्षात उत्तम डॅकही १३० च्या आसपास थांबतात, कारण रेझिस्टरची उष्णतेतून येणारी खरखर त्याखाली जाऊ देत नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च दराच्या ध्वनिमुद्रणाच्या मध्ये सीडीच्या दर्जाची साखळी घालून श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितला, तेव्हा ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखी. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक अगदीच नाही असे म्हणता येत नाही, पण त्यासाठी डॅक बदलावा असेही मला वाटत नाही.

मग उरते काय? बहुतांशी विद्युत अभियांत्रिकीचा साधा भाग. हेडफोन थेट डॅकला लावायचे असतील, तर त्याचा निर्गम-रोध (आउटपुट इम्पिडन्स) हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा आणि पुरेशी शक्ती मिळावी. ॲम्प्लिफायरला जोडायचा असेल, तर प्रचलित २ व्होल्टची पातळी मिळते का, ते पाहावे. संगणक आणि ॲम्प्लिफायर हे दोन्ही भूजोडणीने (अर्थिंगने) बांधलेले असले की त्यांच्यामध्ये गुणगुण शिरू शकते आणि तिच्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज जिटरमुळे बदनाम झालेले टॉसलिंक हाच आहे, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. चिपच्या नावाबद्दल सांगायचे तर ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागून पुरवठा तुटला, तेव्हा अनेक निर्मात्यांनी आपल्या चालू यंत्रांत दुसऱ्या कंपनीची चिप बसवली. आरएमईच्या एडीआय-२ डॅकमध्ये एकेएमच्या जागी ईएसएसची चिप आली आणि यंत्राचे नाव तेच राहिले.

सवत्या दरांची जुनी गोष्टही संपलेली नाही. विंडोजच्या सामायिक मार्गाने वाजवल्यास संगणक सगळे संगीत सेटिंगमध्ये निवडलेल्या एकाच दरात बदलतो, आणि मॅकवरही बहुतेक प्लेयरांसाठी दर हातानेच निवडावा लागतो. आजची आकडेमोड जुन्या काळापेक्षा पुष्कळ सुधारलेली असल्यामुळे तो बदल सहसा ऐकू येत नाही. तरीही सीडीवरून घेतलेले गाणे चालू असताना नव्या डॅकच्या दर्शनी पट्टीवर ४८ चा आकडा दिसला, तर यंत्र परत करण्याआधी प्लेयरमध्ये 'एक्सक्लुझिव्ह' मार्ग (मिश्रकाला वगळून डॅक एकट्या प्लेयरच्या हाती देणारा) निवडून ४४.१ दिसू लागते का, ते पाहावे.