हाड धरलं आणि हाड वाढलं: दोन्ही एकच नव्हे

बदललेला खुबा सैल झाला म्हणून आईचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरून डॉक्टर म्हणाले, "इथं हाड छान धरलंय." मग बोट वर सरकवून, "हे मात्र नको होतं." नवं हाड तर दोन्हीकडे होतं.

कृत्रिम खुब्यात सिमेंटशिवाय बसवलेल्या धातूच्या वाटीचा आणि मांडीच्या हाडातल्या दांडीचा पृष्ठभाग मुद्दाम सच्छिद्र ठेवतात. साधारण 100 ते 400 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्या छिद्रांत हाड शिरून रुजतं, हे 'धरणं'. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं. रुजायला 6 ते 12 आठवडे लागतात आणि तोवर दांडी हलता कामा नये. हालचाल 150 मायक्रॉनच्या वर होत राहिली की हाडाऐवजी तंतुमय पडदा धरतो. मग उठून पहिली पावलं टाकताना मांडीत कळ येते. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मूळ हाड आधीच झिजलेलं असतं, म्हणून 'पायावर अर्धाच भार' ही सूचना अनेकांना मिळते. बरं वाटतंय म्हणून वॉकर सोडणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

'वाढलेलं' हाड सांध्याबाहेर, स्नायूंत तयार होतं. एक्स-रेवर ते काही आठवड्यांत धूसर ढगासारखं उमटतं. ब्रूकर या डॉक्टरांनी 1973 मध्ये त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दोन पायऱ्यांत बहुतेकांना काही जाणवत नाही, चौथीत सांधा जखडतो. इथं तक्रार कळेपेक्षा आखडण्याची असते: वाकून चपलेचा पट्टा लावता येत नाही. पुरुषांना, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसच्या (पाठीचा कणा आखडवणारा संधिवात) रुग्णांना आणि आधी असं हाड आलेल्यांना धोका जास्त.

खरी कसरत उपायात आहे. नको असलेलं हाड रोखायला इंडोमेथासिन ही सूज-दुखण्यावरची गोळी देतात, किंवा ऑपरेशननंतर 72 तासांच्या आत एकदाच रेडिएशन. पण हे उपाय हाड बनण्याची क्रियाच दाबतात, हवं-नको त्यांना कळत नाही. म्हणून रेडिएशन देताना हाड धरायची जागा शक्यतो झाकतात, आणि म्हणूनच या काळात दुकानातून आणलेली तशीच दुखण्यावरची गोळी सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नये.

आईचं वाढलेलं हाड पहिल्या पायरीतलं निघालं. ते तसंच ठेवलंय. वॉकर अजून सहा आठवडे.